थांबा रे, विरजण लावायचं राहिलं: भयकथा वाचायला सुरुवात करताना

माझ्या आजोळी, राजापूरजवळच्या एका वाडीत, संडास घराच्या मागे होता. मागीलदाराने बाहेर पडायचं, विहिरीला वळसा घालायचा आणि फणसाखालून पुढे जायचं. दिवसा ही साठ पावलं होती. रात्री किती होती ते कधी मोजता आलं नाही, कारण परतताना मी पळत यायचो.

मे महिन्यात आम्ही सात-आठ मुलं पडवीत ओळीने झोपायचो आणि आजीची धाकटी बहीण, म्हणजे सगळ्यांची मावशीआजी, गोष्ट सांगायची. गोष्ट त्याच विहिरीची. मध्यरात्री रहाट फिरल्याचा आवाज येतो. बघायला जावं तर रहाट जागच्या जागी, पण दोर ओला. इथवर आली की मावशीआजी हमखास थांबायची. "थांबा रे, विरजण लावायचं राहिलं," म्हणत उठायची आणि काळोख्या माजघरातून आत जायची. आम्ही एकमेकांना चिकटून तिची पावलं ऐकत पडायचो. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला की जीव जरा खाली पडायचा. मग ती येऊन बसायची आणि विचारायची, "हं, कुठवर आलो होतो?"

भयकथेची गोडी मला लागली ती या विरजणाच्या वेळात. दोर ओला का होता, हे तिने पुढे कधीतरी सांगितलं असेल, पण मला आज ते आठवतही नाही.

दिवाळीच्या सुमारास कुणी ना कुणी मला म्हणतं, "भयकथा वाचायच्यात, यादी दे." मी यादी देतो. महिन्याभराने विचारलं की उत्तर येतं, "वाचलं रे, पण भीती काही वाटली नाही." नाहीतर एकदम दुसरं टोक: "पहिल्याच रात्री पुस्तक उचलून बाल्कनीत ठेवलं." दोघांनीही दुसऱ्याच्या भीतीचं पुस्तक उचललेलं असतं. म्हणून यादी थोडी पुढे. आधी थोडी घरची झाडाझडती.

पायरी १: आपली जुनी भीती शोधा

आठ-दहा वर्षांचे असताना घरातली कुठली जागा तुम्ही टाळायचात, ते आठवा. कुणाचा जिन्याखालचा कोनाडा असतो, कुणाचा माळा. चाळीत वाढलेल्या एका मैत्रिणीला गॅलरीच्या टोकाला रात्री ठिबकणाऱ्या नळाची भीती वाटायची. एका मित्राला पणजोबांच्या फोटोची, कारण खोलीत कुठेही उभं राहिलं तरी पणजोबा त्याच्याकडेच बघायचे. माझ्या धाकट्या भावाला जागांची भीती कधी वाटलीच नाही. तो त्या विहिरीवरून शीळ घालत यायचा. त्याला वाटायचं, शाळेतून घरी गेल्यावर दार उघडेल ती बाई आईसारखीच दिसेल, आईसारखीच बोलेल, पण आई नसेल. हे त्याने मला चाळिशीत सांगितलं, आणि त्या रात्री झोप माझी उडाली.

अशा आठवणीतून आपला पिंड कळतो. जागेला भिणाऱ्याला जुने वाडे, बंद बंगले, भाड्याने स्वस्तात मिळालेले फ्लॅट यांच्या कथा बरोबर लागू पडतात. माणसाला भिणाऱ्याला वाडा दाखवून काही होत नाही. रोज समोर जेवायला बसणारं माणूस किंचित बदललेलं दिसलं की तो गारठतो. तिसरीही एक जात आहे: गच्चीवर उताणं पडून आकाशाकडे बघताना ज्यांच्या पोटात खड्डा पडतो, ते. माणूस जगला-मेला तरी ज्यांना सोयरसुतक नाही अशा प्राचीन शक्तींच्या कथा त्यांच्यासाठी. पुस्तक घेताना आपण यातले कोण, एवढं माहीत असलं तरी निम्मं काम झालं.

पायरी २: भय वेगळं, किळस वेगळी

"मला हॉरर झेपत नाही" म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, नेमकं काय झेपत नाही? बहुतेकदा उत्तर रक्त, आतडी, सोललेली कातडी असं असतं. म्हणजे यांना भय चालतं, किळस चालत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत आणि त्यात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे धरलेत. एकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, भय; दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. ओटीटीवाले आज दोन्ही एकाच खणात कोंबतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. मराठीतल्या चांगल्या भयकथा बीभत्साच्या वाटेला फारशा जात नाहीत. तेव्हा सिनेमा बघून धसका घेतला असेल, तरी पुस्तकं तुम्हाला जमतील.

मराठीतली दुकानाची पाटीही समजून घ्या. रहस्यकथेत शेवटी सगळं उलगडतं, खुनी सापडतो, घड्याळ दहा मिनिटं मागे का होतं तेही कळतं. गूढकथेत बरंच उलगडतं, पण एक गाठ सुटत नाही आणि ती तुमच्याकडेच राहते. भयकथेचं उद्दिष्ट सरळ आहे: तुम्हाला घाबरवणं. पाट्या चुकीच्या लागलेल्या असतात, एका संग्रहात तिन्ही सापडतात, पण आपल्याला काय आवडतंय ते ओळखायला हे शब्द कामाला येतात.

पायरी ३: आधी कथा, मग कादंबरी

साडेतीनशे पानांच्या कादंबरीने सुरुवात करू नका. भय धरून ठेवायला दम लागतो, लेखकालाही आणि वाचणाऱ्यालाही. पंधरा-वीस पानांची कथा एका बैठकीत होते आणि तिचा परिणाम एकसंध राहतो.

मराठीत दोन दरवाजे आहेत. एक रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०), दुसरे नारायण धारप (१९२५-२००८). यांच्यात मोठं कोण यावर तासन् तास वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत, मीही घातला आहे. नवख्याने त्यात पडू नये.

मतकरींनी आपल्या कथांना गूढकथा म्हटलं. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध' हे त्यांचे संग्रह कुठल्याही बऱ्या वाचनालयात असतात. वीस वर्षं बँकेत नोकरी केलेला हा माणूस; त्यांची पात्रं ऑफिसला जातात, लोकलला लटकतात, घराच्या हप्त्यांची काळजी करतात. त्यांच्या कथांत भूत असेलच असं नाही. एकटेपणा, मत्सर, अपराधाची बोच या साध्या गोष्टी हळूहळू तापत जातात आणि कुठल्या ओळीला त्यांना उकळी फुटली ते कळत नाही. ज्यांची भीती माणसांची आहे, माझ्या भावासारखी, त्यांनी इथून आत यावं. लहानपणी 'अलबत्या गलबत्या' बघताना चेटकिणीला घाबरून तुम्ही आईच्या पदरात तोंड लपवलं असेल, तर मतकरींनी तुम्हाला आधीच एकदा घाबरवलेलं आहे. ते बालनाट्य त्यांचंच.

धारपांचं घर वेगळं. तिथे दुष्ट शक्ती खरोखरची असते, ती बाहेरून येते, वास्तूत किंवा माणसात शिरते, आणि तिच्याशी रीतसर लढाई होते. त्यांचा 'समर्थ' हा नायक ती लढाई शांतपणे, जवळजवळ डॉक्टरने रोगी तपासावा तशी लढतो. शंभरावर पुस्तकं लिहिलेल्या लेखकाकडून सगळी सारख्या उंचीची असावीत ही अपेक्षा करू नये. काही घाईची आहेत. पण धारपांची भाषा बघा. अलंकार नाहीत, किंकाळ्या नाहीत. हवा जड झाली, वास आला, दिवा मंद झाला, असं एकेक नोंदवत जातात. आकाशाला भिणाऱ्यांनी आणि जागेला भिणाऱ्यांनी धारपांकडे जावं. आधी कथा, मग 'ग्रहण', मग 'लुचाई'. 'लुचाई' आणि 'शपथ' या अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत, हे कळल्यावर काहीजण नाक मुरडतात. मला त्यात वेगळीच मजा वाटते: अमेरिकेतल्या एका गावाची भीती इथल्या वाड्यात मुक्कामाला आल्यावर काय खाते, कशी बोलते, हे बघण्याची.

पुस्तकं नवी मिळतात, आवृत्त्या निघत असतात. तरी पहिलं पुस्तक वाचनालयातलं घ्या, असं मी म्हणेन. आमच्या गावच्या वाचनालयात धारपांच्या एका कादंबरीचं शेवटचं पान फाटलेलं होतं. परत करताना तक्रार केली तर काउंटरवरचे काका म्हणाले, "ते तसंच आहे, दहा वर्षं झाली. आपलं आपण समजून घ्यायचं." त्याच पुस्तकात एका पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे पान रात्री वाचू नये.' अर्थात मी रात्रीच वाचलं. आणि शेवट? चार वर्षं मी तो निरनिराळा रचत राहिलो. पुढे नवी प्रत घेऊन खरा शेवट वाचला तेव्हा माझे त्यातले दोन शेवट बरे होते असं वाटलं. हे भयकथेचं जुनं दुखणं आहे. शेवट बहुतेकदा फसतो, कारण दाराआडचं जे काही असतं ते दार उघडल्यावर लहान होतं. शेवट पडला म्हणून पुस्तकावर काट मारू नका. मधली पानं कशी गेली ते बघा.

पायरी ४: वेळ, उजेड आणि विरजण

लोकलच्या गर्दीत भयकथा वाचून "भीती वाटली नाही" म्हणणं म्हणजे भर उन्हात फटाके उडवून दिसले नाहीत म्हणण्यासारखं आहे. रात्री जेवणानंतर बसा. खोलीतला मोठा दिवा बंद, वाचण्यापुरता छोटा चालू. फोन दुसऱ्या खोलीत. शेजारी ठेवलात तर घाबरल्या क्षणी हात आपोआप तिकडे जाईल आणि सगळी वाफ निघून जाईल. एका रात्री एकच कथा. दुसरी लगेच सुरू केलीत की पहिली पुसली जाते.

आता माझा खास उपाय. कथेत ताण चढला, दोर ओला निघाला, की पुस्तकात बोट घालून उठा. स्वयंपाकघरात जा, पाणी प्या, गॅस बंद आहे ना बघा. जाताना आपोआप तुमचे कान टवकारतील. पाठीमागचा पॅसेज रोजच्यापेक्षा लांब वाटेल. परत येऊन मग पुढचं वाचा. सिनेमा हे करू देत नाही, तो पुढे पळत राहतो. पुस्तकात थांबायची सोय आहे आणि भीती बरीचशी थांबण्यात मुरते.

"पण हे खोटं आहे हे मला ठाऊक असतं ना," असं म्हणणाऱ्यांसाठी डार्विनचा किस्सा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर या विषारी सापाच्या जाड काचेजवळ त्याने तोंड नेलं आणि ठरवलं, सापाने झेप घेतली तरी हलायचं नाही. सापाने झेप घेतली आणि डार्विनसाहेब एक-दोन यार्ड मागे उडाले. काच मध्ये आहे हे बुद्धीला ठाऊक होतं, अंगाला नव्हतं. १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्याने हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय. भयकथेचा वाचक काचेजवळ तोंड नेऊन बसलेला असतो. फक्त त्याने "मी हलणार नाही" ही पैज लावू नये. हलायलाच तर आलोय.

पायरी ५: हळू वाचा, जास्तीची वस्तू शोधा

चांगल्या भयकथेत पहिल्या दोन-तीन पानांत एक वस्तू जास्तीची असते, नाहीतर एक कमी असते. नवखा वाचक भुताची वाट बघत भराभर पुढे सरकतो आणि नेमकी तीच त्याच्या हातून सुटते. दोन तुकडे वाचा, आत्ताच लिहिलेत.

आजीने पाच ताटं मांडली. आम्ही चौघं जेवायला बसलो. पाचव्या ताटाला कुणी हात लावला नाही. वाढताना आजीने मात्र दोनदा तिकडे वळून विचारलं, "मीठ पुरे ना?"

आणि दुसरा:

आजीने वारलेल्या आजोबांच्या भुतासाठी पाचवं ताट मांडलेलं पाहून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुसऱ्यात अंगावर काटा आल्याचं लिहिलंय, पण तो वाचणाऱ्याच्या अंगावर येत नाही. पहिल्यात भूत हा शब्दसुद्धा नाही. तिथलं काम मिठाने केलं: दोनदा विचारलं म्हणजे पहिल्यांदा आजीला काहीतरी उत्तर आलं असावं, आणि ते तिला पटलं नसावं. ही शंका तुमची तुम्ही काढलीत, म्हणून ती चिकटते. वाचताना अशा जागेवर पेन्सिलीने बारीक टिंब करा. दहा कथांनंतर तुमची नजर आपोआप तिथे जायला लागेल.

आणि पाचवं ताट आपल्याला इतकं जवळचं का वाटतं? कारण पितृपक्षात आपण गेलेल्यांसाठी पान वाढतोच. दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हाची शांतता ज्याने अनुभवली आहे, त्याला भयकथेची वेगळी शिकवणी लागत नाही. सगळे ताटकळत उभे. कुणीतरी पुटपुटतं, "काहीतरी राहिलंय मनात." मग एखादे काका पुढे होऊन हात जोडतात, "धाकटीच्या लग्नाची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळा उतरतो आणि चोच मारतो. तिथे उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांचा या सगळ्यावर विश्वास नसतो, पण त्या घटकेला कुणी हसत नाही. मराठी भयकथा याच घाटावर, याच पंगतीत राहते. वाचताना हे ओळखीचं बोट सोडू नका.

पायरी ६: गावच्या भुतांची तोंडओळख

इंग्रजीत वाचणाऱ्यांना व्हॅम्पायर आणि झोंबीतला फरक तोंडपाठ असतो, पण जखीण आणि लावसट यांतला विचारला की ते चाचपडतात. थोडी उजळणी केलीत तर मराठी कथा दुप्पट रंगतात.

मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे लग्नाआधी ब्रह्मचर्य संपवायचा विधी, व्हायच्या आत मेला तो मुंज्या, मुक्काम पिंपळावर. धनाची वासना सुटली नाही तो समंध. पाण्यात असतो तो गिऱ्हा. चकवा दिसत नाही, तो नुसता लागतो. ओळखीची वाट तुम्हाला फिरवून फिरवून त्याच झाडापाशी आणते. आमच्याकडे सांगायचे, चकवा लागला तर चालत राहू नये, खाली बसावं, तांबडं फुटलं की वाट आपोआप दिसते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचार असतो. तो गावाची वेस राखतो, त्याचं त्याला द्यावं लागतं, आणि त्याला भूत म्हटलेलं तिथल्या लोकांना मुळीच आवडत नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा तर देवच. त्याला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावभर फिरून राखण करतो म्हणून त्या झिजतात, असं सांगतात. झिजलेल्या तळव्यांचं हे चित्र मला पन्नास किंकाळ्यांपेक्षा जास्त धरून ठेवतं.

बायकांच्या भुतांची विभागणी मात्र नीट बघा. कोकणातल्या समजुतींत सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर आळवंत. म्हणजे मेल्यावरही आधी कुंकवाचा हिशेब. पुरुष भुतांना लग्न झालं होतं का हे विचारलं जातं ते मुख्यतः मुंज्याच्या बाबतीत, आणि तेही बिचाऱ्याचं व्हायचं राहिलं म्हणून. हडळीच्या गोष्टी मी आता वाचतो तेव्हा ती का आली यापेक्षा तिला कुणी मारलं, याकडे माझं लक्ष जातं. नव्या मराठी लेखकांना इथे अजून भरपूर जागा आहे.

ही नावं आपल्या घरात कधीपासून आहेत, याचा पुरावा रोजच्या म्हणण्यात आहे. काळोखात पाय अडखळला की आपण 'भीमरूपी' सुरू करतो, आणि त्यात समर्थ रामदासांनी 'भूतप्रेतसमंधादी' अशी यादीच दिलीय. लहानपणी मी ती ओळ घाईने म्हणायचो, नावं घेतली तर ती हजर होतील म्हणून.

पायरी ७: बाहेरचं, थोडंसं

भाषांतरात किंवा इंग्रजीत एकच कथा वाचायची असेल तर डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ सालची 'द मंकीज पॉ'. हिंदुस्थानातून एक सैनिक माकडाचा वाळका पंजा इंग्लंडला नेतो, त्यावर एका फकिराचा मंत्र आहे, तीन इच्छा पुऱ्या होतात. पुढचं सांगत नाही. लांबी थोडी, भूत जवळजवळ नाहीच, आणि दारावरची थाप कशी लिहावी याचा वस्तुपाठ. त्यानंतर एम. आर. जेम्स. केंब्रिजमधला हा विद्वान ख्रिसमसच्या आदल्या रात्री मित्रांना खोलीत बसवून आपल्या भूतकथा मोठ्याने वाचून दाखवायचा. आकाशाला भिणाऱ्यांनी एच. पी. लव्हक्राफ्ट हा अमेरिकन लेखक घ्यावा; मात्र त्याची भाषा बोजड आहे आणि त्याचे वंशाबद्दलचे पूर्वग्रह जागोजागी टोचतात.

पडद्यावरचं वाचनाच्या जोडीला ठेवा. २०१८ चा 'तुंबाड' बघा आणि धारपांची 'आजी' ही कथा शोधून वाचा. चित्रपटाची प्रेरणा तिथली, आणि त्या कथेचं मूळ पुन्हा स्टीफन किंगकडे. एकच भीती तीन घरांत कशी कपडे बदलते ते दिसेल. फार घाबरत असाल तर 'झपाटलेला'पासून सुरुवात केलीत तरी कुणी हसणार नाही. तात्या विंचूच्या भीतीने बाहुल्या कपाटात कोंडून झोपलेल्यांची एक अख्खी पिढी आहे.

झेपलं नाही तर

पुस्तक बंद करा, मोठा दिवा लावा, काहीतरी खा. शिळी पोळी आणि गूळ यासारखा उतारा नाही. यात हार कसली? सकाळी तेच पान उन्हात वाचा आणि आपण नेमके कुठल्या शब्दाला घाबरलो ते शोधा. एक गोष्ट मात्र खरोखर जपा. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर मेलेलं माणूस परत येण्याच्या कथा काही काळ बाजूला ठेवा. वडील गेले त्या वर्षी मी अशी एक कथा उघडली. भीती वाटलीच नाही, दाराबाहेर उभा असलेला तो माणूस आत यावा असंच वाटत राहिलं, आणि चौथ्या पानावर पुस्तक मिटलं.

"तुझा भुतांवर विश्वास आहे का?" हा प्रश्न येणारच. माझा नाही. पुस्तक उघडं असेपर्यंत आहे. हे दोन्ही एकत्र नांदतं, आणि नांदावं. अंगात भूत आहे म्हणून खऱ्या बाईला साखळीने बांधून मारणारे लोक आहेत, आणि तो महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भयकथेची आवड असणाऱ्याने तर हा फरक इतरांहून स्वच्छ ठेवायला हवा.

शेवटची पायरी: सांगा

दहा-पंधरा कथा वाचून झाल्या की त्यातली एक कुणाला तरी तोंडी सांगा. पुस्तक न बघता. कुठे ऐकणारा सैल पडतो, कुठे पाय वर घेऊन बसतो, ते समोर दिसतं, आणि लेखकाने ती ओळ तिथेच का ठेवली ते तेव्हा कळतं. राज्यात लोडशेडिंग जोरात होतं त्या काळात ही सोय घरबसल्या होती. आता दिवे आपणच घालवावे लागतात.

गेल्या पावसाळ्यात भाचीची दोन मुलं माझ्याकडे पुण्याला राहायला होती. विहीर, रहाट त्यांना ठाऊक नाही, म्हणून मी गोष्ट लिफ्टमध्ये आणली. आमच्याच इमारतीची लिफ्ट. रात्री दीडला ती आपोआप सातव्या मजल्यावर जाते. वॉचमन बघायला जातो तेव्हा आत कुणी नसतं, पण लिफ्टची फरशी ओली असते. धाकटा उशी पोटाशी धरून म्हणाला, "मग?" मोठी म्हणाली, "आजोबा, आपण सातव्यावरच राहतो ना?"

"थांबा रे," मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे." आणि उठून आत गेलो.

गॅसवर दूध नव्हतंच. स्वयंपाकघरात काळोखात मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बाहेरच्या खोलीत चिडीचूप झालं होतं. सावकाश दहापर्यंत आकडे मोजले, आणि हाताला लागलेल्या रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं.